कमरेला उघड पिस्तूल, आणि कायदा ठाऊक नसलेला पोलिस

कोलंबसकर

सप्टेंबर २०२५ मध्ये फ्लोरिडाच्या अपील न्यायालयाने उघडपणे शस्त्र बाळगण्यावरची १९८७ पासूनची बंदी घटनाबाह्य ठरवली. म्हणजे आणखी एका मोठ्या राज्यातल्या पोलिसांना कालपर्यंत जो गुन्हा होता तो आज हक्क आहे, हे नव्याने शिकावं लागणार. ते शिकले नाहीत तर काय होतं, हे आम्ही ओहायोत पाहिलंय, म्हणून हा विषय काढतोय.

ओहायोत कमरेच्या होल्स्टरमध्ये, सगळ्यांना दिसेल असं पिस्तूल लावून फिरायला परवाना लागत नाही. २०२२ च्या जूनपर्यंत लपवून बाळगायला लागायचा, उघड बाळगायला तेव्हाही लागत नव्हता. जून २०१० मध्ये टोलेडोला एक गृहस्थ संध्याकाळी बायको, मुलगी, नातू आणि कुत्रा यांच्यासोबत फिरायला निघाले होते. पिस्तूल कमरेला, होल्स्टरमध्ये. एक मोटरसायकलवाला जाता जाता ओरडला की असं बंदूक घेऊन फिरता येत नाही, आणि त्याने ९११ ला, म्हणजे आपत्कालीन मदतीच्या क्रमांकावर, फोन लावला. पोलिस आला, त्याने पिस्तूल काढून घेतलं, नातवासमोर आजोबांना बेड्या घातल्या आणि सुमारे अर्धा तास गाडीत बसवून ठेवलं. शेवटी सोडलं ते 'स्वतःची माहिती दिली नाही' असा दंडाचा कागद हातात देऊन. तो आरोपही पुढे मागे घेतला गेला.

गृहस्थ न्यायालयात गेले. २०१५ मध्ये सहाव्या सर्किटच्या (ओहायोसह काही राज्यं ज्याच्याखाली येतात त्या संघराज्याच्या) अपील न्यायालयाने सांगितलं की फोन करणाऱ्याला कायदा माहीत नसेल तर समजू शकतं, पण पोलिस अधिकाऱ्याला ती सबब नाही. नागरिकाला फौजदारी कायदा ठाऊक आहे असं आपण धरून चालतो, मग तीच अपेक्षा पोलिसाकडून का नको?

माझं म्हणणं एवढंच आहे. मला स्वतःला बंदूक नको, घरात नाही, घेणारही नाही. पण कायद्याने जे करता येतं ते करताना दिसला म्हणून कुणाला बेड्या पडत असतील तर तो कायदा फक्त पुस्तकात उरतो.

राघव_ऑस्टिन

पूर्ण असहमत. तुम्ही निवडलेलं प्रकरण सोपं आहे, कारण त्याचा शेवट आपल्याला माहीत आहे. कुत्रा, नातू, निरुपद्रवी आजोबा. गाडीतून उतरणाऱ्या पोलिसाला शेवट माहीत नसतो.

कोलोराडो स्प्रिंग्ज, ३१ ऑक्टोबर २०१५. एका बाईने ९११ ला फोन करून सांगितलं की बाहेर एक माणूस रायफल घेऊन फिरतोय. समोरून तिला समजावण्यात आलं की कोलोराडोत शस्त्र उघड बाळगणं कायदेशीर आहे. थोड्याच वेळात त्या माणसाने तिघांना गोळ्या घालून मारलं. फोन घेणाऱ्या डिस्पॅचरला कायदा चांगला ठाऊक होता, त्याचा त्या तिघांना काय उपयोग झाला?

दुसरं आमच्या टेक्सासचं. डॅलस, ७ जुलै २०१६. मोर्चावर एकाने गोळीबार केला, पाच पोलिस गेले. मोर्चात काही जण खांद्याला रायफली लटकवून कायदेशीरपणे चालत होते. त्यातल्या एकाचा फोटो पोलिसांनी संशयित म्हणून प्रसिद्ध केला. तो निर्दोष होता, गोळीबार सुरू होताच त्याने स्वतःची रायफल एका पोलिसाच्या हातात दिली होती. पण त्या रात्री हल्लेखोर कोण आणि हक्क बजावणारा कोण हे पोलिसांना कळणं अशक्य झालं होतं. हा पोलिसांच्या अज्ञानाचा प्रश्न नाही हो. हा कायदाच असा आहे की तो पाळणारा माणूस आणि तो मोडायला निघालेला माणूस शेवटच्या क्षणापर्यंत अगदी सारखे दिसतात.

शमा

राघव यांच्याशी सहमत. शाळेतून मुलांना आणताना किराणा दुकानात समोरच्या माणसाच्या कमरेला पिस्तूल दिसलं तर मी मुलांना घेऊन बाहेर पडते. कायदा काय म्हणतो ते मला माहीत आहे. तरी बाहेर पडते. पोलिसांनी येऊन निदान दोन शब्द विचारावेत असं मला वाटलं तर त्यात माझं काय चुकलं?

मीनल_फिली

शमा, काहीच चुकलं नाही, आणि दोन शब्द विचारायला पोलिसांना कुणीच अडवलेलं नाही. मी फिलाडेल्फियात फौजदारी बचावाचं काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. गोंधळ इथेच होतो.

पोलिस रस्त्यात कुणाशीही बोलू शकतो. 'नमस्कार, कुठे निघालात' हे विचारायला कारण लागत नाही, पण समोरच्याला उत्तर न देता निघून जायची मुभा असते. त्याला थांबवून ठेवायचं तर गुन्हा घडतोय, घडलाय किंवा घडणार आहे असा वाजवी संशय हवा, आणि तो सांगता येण्यासारख्या गोष्टींवर उभा असायला हवा. हे १९६८ च्या टेरी खटल्यापासून चालत आलंय. तो खटलाही ओहायोचाच, क्लीव्हलँडचा. अटकेला त्याहून भक्कम आधार लागतो. टोलेडोच्या पोलिसाने पहिल्या पायरीवरून थेट बेड्याच घातल्या.

'हातात बंदूक आहे असा फोन आला' एवढ्यावर अडवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली एकमताने सांगितलं. फ्लोरिडातला खटला होता: बसथांब्यावर चौकड्याच्या शर्टातला मुलगा उभा आहे, त्याच्याकडे पिस्तूल आहे, असा निनावी फोन. बंदुकीचा विषय आहे म्हणून नियम सैल करा, ही सरकारची विनंती न्यायालयाने फेटाळली. २०१३ मध्ये चौथ्या सर्किटने नॉर्थ कॅरोलिनाच्या खटल्यात म्हटलं की जिथे उघड बाळगणं कायदेशीर आहे तिथे ते बाळगणं एवढ्यावरून अडवता येणार नाही. आमच्या पेनसिल्व्हेनिया राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हेच लपवलेल्या पिस्तुलालाही लावलं.

आता फिलाडेल्फियाबद्दल. पेनसिल्व्हेनियात बाकी सगळीकडे उघड बाळगायला परवाना लागत नव्हता, फक्त आमच्या शहरात लागायचा. २०११ मध्ये परवाना असलेल्या एका तरुणाला इथल्या पोलिसांनी बंदूक रोखून जमिनीवर पाडलं. तो सांगत राहिला की माझ्याकडे परवाना आहे, हे कायदेशीर आहे. समोरून शिव्या आणि 'हे चालत नाही'. सगळं ध्वनिमुद्रित झालं, कारण त्याच्या खिशात रेकॉर्डर चालू होता. ते मुद्रण लोकांपर्यंत पोहोचल्यावर त्याच्यावरच इतरांचा जीव धोक्यात घातल्याचा खटला भरला. तो निर्दोष सुटला आणि शहराला त्याला २५ हजार डॉलर द्यावे लागले. पोलिसाला कायदा माहीत नव्हता याचं मला तितकंसं नवल वाटत नाही. समोरचा सांगतोय तर रेडिओवर एकदा विचारून घेऊ, एवढंही त्यांना सुचलं नाही, याचा मला आजही संताप येतो.

राघव_ऑस्टिन

मीनलताई, माहितीबद्दल आभार. पण अर्धंच सांगितलंत. २०१४ चा हायन खटला? नॉर्थ कॅरोलिनात गाडीचा एक ब्रेकलाइट बंद होता म्हणून पोलिसाने गाडी थांबवली. नंतर निघालं की तिथल्या कायद्याला एकच चालू लाइट पुरे होता. म्हणजे पोलिसाचा कायदाच चुकला. तरी सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी सांगितलं की चूक वाजवी असेल तर अडवणं वैध. मग पोलिसाला कायदा माहीतच असला पाहिजे हे तुमचं तत्त्व कुठे राहिलं?

आणि वेस्ट व्हर्जिनियाचा २०१७ चा. सीटबेल्टसाठी गाडी थांबवली, आतल्या माणसाकडे बंदूक आहे असा फोन आधीच आला होता. ती कायदेशीर असू शकते तरी झडती योग्य, असं त्याच चौथ्या सर्किटने म्हटलं. बंदूक कायदेशीर असली तरी तिच्यातून सुटलेली गोळी तितकीच मारते, हे न्यायाधीशांनाही मान्य आहे.

मीनल_फिली

दोन्ही खटले खरे आहेत, निष्कर्ष ओढूनताणून काढलेत. हायनमध्ये कायद्याचं कलमच असं लिहिलेलं होतं की शहाण्या माणसाचाही घोळ व्हावा. न्यायमूर्ती केगन यांनी वेगळं लिहून बजावलं की ही सूट अशा खरोखर अवघड कलमांपुरतीच आहे, पोलिसाला शिकवलं नाही किंवा चुकीचं शिकवलं ही सबब चालणार नाही. ओहायोचा उघड बाळगण्याचा कायदा अवघड नाही, त्यात परवान्याची अटच नाही. आणि वेस्ट व्हर्जिनियात थांबवायला सीटबेल्टचं स्वतंत्र कारण होतं. बंदुकीपायी थांबवलं नव्हतं.

नितीन_अटलांटा

तुम्ही सगळे कायद्याच्या कलमांवर बोलताय आणि मला वाटतंय की मुख्य गोष्ट बाजूलाच राहिली. हा हक्क कुणाला मिळतो?

त्याच ओहायोत ऑगस्ट २०१४ मध्ये जॉन क्रॉफर्ड बीव्हरक्रीकच्या वॉलमार्टमध्ये होता. दुकानाच्याच शेल्फवरची हवाई बंदूक उचलून, फोनवर बोलत बोलत तो फिरत होता. कुणीतरी ९११ ला कळवलं की हा लोकांवर बंदूक रोखतोय. पोलिस आले आणि त्याला गोळ्या घातल्या. तो कृष्णवर्णीय होता, वय २२. नोव्हेंबरमध्ये क्लीव्हलँडला टमीर राइस, वय १२, खेळण्यातलं पिस्तूल. फोन करणारा सांगत होता की ते बहुधा खोटं आहे, तो बहुधा लहान मुलगा आहे. ते पोलिसांपर्यंत पोहोचलंच नाही. गाडी थांबल्यावर दोन सेकंदांत गोळी. २०१६ मध्ये मिनेसोटात फिलँडो कॅस्टीलने आपल्याकडे शस्त्र आहे हे पोलिसाला शांतपणे स्वतः सांगितलं. त्याच्याकडे परवाना होता. गाडीत चार वर्षांची मुलगी मागे बसली होती. तोही पोलिसाच्या गोळ्यांनी गेला, आणि पोलिस निर्दोष सुटला.

टोलेडोचे आजोबा घरी परतले, न्यायालयात गेले. कोलंबसकर, तुमच्या मुद्द्याशी मी सहमतच आहे, पण 'पोलिसांना कायदा शिकवा' एवढ्याने हे सुटेल असं मला वाटत नाही. बीव्हरक्रीकच्या पोलिसांना ओहायोचा कायदा विचारला असता तर त्यांनी बरोबर सांगितला असता, अशी माझी खात्री आहे. त्यांनी आधी माणूस पाहिला.

इतिहासही असाच आहे. १९६७ च्या मे महिन्यात ब्लॅक पँथर्स या कृष्णवर्णीयांच्या संघटनेचे लोक भरलेल्या बंदुका उघड घेऊन सॅक्रामेंटोच्या विधानभवनात गेले. तेव्हा कॅलिफोर्नियात ते कायदेशीर होतं. काही महिन्यांत त्यावर बंदी घालणारा मलफर्ड कायदा झाला, त्यावर गव्हर्नर रेगन यांची सही आहे.

आणि आपल्या मंडळींना एक कळकळीचं सांगणं: एच१बीवर, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर, असाल तर हा वाद तुमच्यासाठी नाहीच. शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर तात्पुरत्या व्हिसावर बंदूक जवळ ठेवणं हाच संघराज्याचा गुन्हा आहे, राज्याचा कायदा काहीही म्हणो. ग्रीन कार्डवाल्यांना ती बंदी नाही. मित्राची बंदूक 'जरा धरून बघ' म्हणून हातात घेतानाही दहा वेळा विचार करा.

बापू_नाशिक

इथून वाचताना अंगावर काटा येतो. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यात हक्क वगैरे काही नाही, परवानगी आहे, आणि ती सरकार परत घेऊ शकतं. निवडणूक लागली की माझ्या ओळखीतल्या शेतकऱ्यालाही बंदूक पोलिस ठाण्यात जमा करायला बोलावणं येतं. लग्नात हवेत बार काढला तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद. तरी बीडमध्ये काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. परवाने वाटलेले, कमरेला लावून मिरवणारे लोक, आणि बोभाटा झाल्यावर परवाने रद्द करण्याची धावपळ. बीडमध्ये पोलिसांना कायदा पक्का ठाऊक होता. तो कुणावर चालवायचा हे त्यांनी ठरवलं नव्हतं. मला नितीनचं म्हणणं म्हणूनच पटतं. आणि राघवचंही, की मुळात इतकी शस्त्रं रस्त्यावर नकोतच.

कोलंबसकर

बापू, ती नकोत हे मलाही वाटतं. पण ते विधिमंडळात ठरायला हवं. पोलिसाने रस्त्यावर, त्या दिवशी समोर आलेल्या माणसापुरतं ठरवायचं नाही.

नितीन, तुमचं म्हणणं मनाला लागलं. तरी एक सांगतो, अज्ञान आणि पूर्वग्रह हे वेगळे ठेवू नका. 'मला वाटलं हे बेकायदा आहे' या वाक्याच्या आड पूर्वग्रह लपायला जागा मिळते. ती जागा बंद झाली की न्यायालयात निदान खरा प्रश्न विचारता येतो.

राघव, कोलोराडो स्प्रिंग्जबद्दल. त्या बाईने फक्त 'रायफलवाला माणूस' एवढंच कळवलं नव्हतं. पेट्रोलचे कॅन घेऊन तो एका इमारतीत शिरू पाहतोय, हेही सांगितलं होतं. तेवढ्यावर वाजवी संशय नक्कीच होतो. पोलिस लगेच जाऊन त्याला अडवू शकत होते, कायद्याने त्यांना रोखलं नव्हतं. डिस्पॅचरने एकच प्रश्न ऐकला, की बंदूक कायदेशीर का. विचारायचा प्रश्न होता, तो माणूस करतोय काय. टोलेडोत तोच प्रश्न विचारला असता तर उत्तर आलं असतं: कुत्रा फिरवतोय.

राघव_ऑस्टिन

कॅनचा मुद्दा मान्य, ते सांगायला हवं होतं. पण मग सगळा भार ९११ वर पडतो. घाबरलेला माणूस फोनवर काय सांगेल याचा भरवसा नाही, क्रॉफर्डच्या बाबतीत काय कळवलं गेलं ते नितीनने वर लिहिलंच आहे. माझं मत बदललेलं नाही: शहराच्या हद्दीत उघड बाळगायला बंदी हवी, जशी कोलोराडोतल्याच डेन्व्हरमध्ये आहे. टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून लायसन्सही लागत नाही, म्हणजे त्या माणसाला कुणी कधी तपासलंय का, एवढीही खात्री उरली नाही. पोलिसांना प्रशिक्षण द्या, जरूर द्या. मी त्याच्या आड येणार नाही.

शमा

मीनल, एक विचारायचं राहिलं. माझ्या भावाकडे ग्रीन कार्ड आहे, तो ओहायोत असतो आणि पिस्तूल उघड लावतो. माझं ऐकत नाही. पोलिसाने अडवलं तर त्याने काय करावं?

मीनल_फिली

हात लांब आणि दिसतील असे ठेवायचे, पिस्तुलाकडे न्यायचे नाहीत, 'काढून दाखवतो' असं तर कधीच म्हणायचं नाही. शांतपणे विचारायचं, 'मी जाऊ शकतो का?' नाही म्हणाले तर थांबायचं. नाव विचारलं तर सांगायचं, ओहायोत वाजवी संशयावर थांबवलं असेल तर नाव, पत्ता आणि जन्मतारीख नाकारणं गुन्हा ठरू शकतं. तो संशय वाजवी होता की नव्हता हे रस्त्यावर ठरत नाही. झडतीला संमती नाही हे तोंडाने सांगायचं, अंगाने विरोध करायचा नाही. पोलिसाचं चुकत असलं तरी रस्त्यावर कायदा शिकवायला जायचं नाही, बिल्ला क्रमांक लक्षात ठेवून नंतर वकिलाकडे जायचं. टोलेडोच्या गृहस्थांना नुसता खटला चालवायची परवानगी टिकवायला पाच वर्षं लागली, हेही त्याला सांगा.

कोलंबसकर

फ्लोरिडात कुणी असेल तर तुमच्या काउंटीच्या (जिल्ह्याच्या) शेरीफने, म्हणजे तिथल्या पोलिस प्रमुखाने, पोलिसांना लेखी काय कळवलंय ते बघून इथे लिहा. ९११ च्या केंद्रालाही तेच कळवलंय का, हे मुद्दाम विचारा.