आरोग्य केंद्रातल्या बीपी-शुगरच्या गोळ्या दर वर्षी मध्येच का संपतात?

माळरान
राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार मोफत आहेत. तरी प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपीचं अ‍ॅम्लोडिपिन, शुगरचं मेटफॉर्मिन कधी असतं, कधी ‘बाहेरून घ्या’ म्हणून चिठ्ठी मिळते. पैसा कमी पडतो की मागणीच चुकते? ग्रामसभेत विषय घ्यायचा आहे. कोणते कागद बघायचे?

साठावही
दोन्ही होतं. पण आधी मागणीचं बघा, ते गावाला स्वतः तपासता येतं.

पुढच्या वर्षाची मागणी बहुतेक वेळा गेल्या वर्षीच्या वापरावरून काढतात. समजा साठा नोंदवहीत अ‍ॅम्लोडिपिन 5 मिग्रॅच्या 24,000 गोळ्या वाटल्याचं दिसतंय. 12 ने भागलं की महिन्याला 2,000. पण त्यातले चार महिने शिल्लक शून्य होती. म्हणजे 24,000 गोळ्या आठ महिन्यांतच गेल्या. खरी गरज महिन्याला निदान 3,000, वर्षाला 36,000. मागणी पुन्हा 24,000 चीच गेली, तर पुढच्या वर्षीही आठव्या महिन्याला खडखडाट. कागदावर मात्र ‘मागितलं तेवढं मिळालं, मिळालं तेवढं वाटलं’ असंच दिसतं. त्यामुळे भागायचं ते 12 ने नाही, साठा हातात होता तेवढ्या महिन्यांनी.

दुसरा पडताळा रुग्णांच्या नोंदींवरून घ्या. रोज एक गोळी घेणारे 150 रुग्ण असतील तर महिन्याला 4,500 लागतात. वाटप 3,000 चं दिसलं, तर कुणाला तरी दहा-पंधरा दिवसांच्याच गोळ्या मिळताहेत. मजुरी बुडवून महिन्यातून दोन-तीन खेपा कोण घालणार? माणूस गोळी सोडतो, आणि पुढे लकवा किंवा किडनीचा आजार घेऊन जिल्हा रुग्णालयात पोहोचतो.

माल यायला तीन महिने लागत असतील, तर शिल्लक 13,500 वर (महिन्याच्या 4,500 गुणिले तीन) आली की मागणी जायलाच हवी. वर महिनाभराचा राखीव साठा वेगळा. डबा रिकामा झाल्यावर मागणी करणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं.

पायवाट
पण आता 5 लाखांचं कार्ड आहे ना? महात्मा फुले योजनेतून ही औषधं मिळत नाहीत का?

साठावही
नाही. त्या योजनेत ठरलेल्या आजारांची, ठरलेल्या दराची पॅकेजेस आहेत आणि ती मुख्यतः भरती रुग्णासाठी. रोजची बीपीची गोळी त्यात बसत नाही. ती आरोग्य केंद्राच्या खिडकीवरच मिळायला हवी. कार्ड वाढवून खिडकी रिकामी ठेवली तर गरिबाच्या खिशातून पैसे जायचे ते जातातच.

दीपस्तंभ
पैशाची बाजू सांगतो. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात सरकारी खर्च 2025 पर्यंत जीडीपीच्या 2.5 टक्क्यांवर आणि राज्यांचा आरोग्यखर्च 2020 पर्यंत त्यांच्या अर्थसंकल्पाच्या 8 टक्क्यांच्या वर न्यायचं ठरलं होतं. महाराष्ट्र त्याच्या बराच खाली आहे. शिवाय पैसा कधी येतो हेही महत्त्वाचं. निधी मार्चच्या तोंडावर सुटला तर घाईत खरेदी होते, एकदम ढीग येतो आणि मुदत जवळ आलेला माल कपाटात पडून राहतो. बिलं थकली की पुरवठादार पुढच्या निविदेत भाव चढवतो किंवा भागच घेत नाही.

तामिळनाडूने 1994 मध्ये खरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ काढलं. तिथे जिल्ह्यांत गोदामं आहेत आणि प्रत्येक दवाखान्याला रकमेचं पासबुक. त्या रकमेत दवाखाना गरजेप्रमाणे औषधं उचलतो. नमुने उत्पादकाचं नाव झाकून प्रयोगशाळेत जातात, पास झाल्यावरच माल वाटपाला. राजस्थानने 2 ऑक्टोबर 2011 पासून याच वाटेने मोफत औषध योजना चालवली. आपल्याकडे खरेदी प्राधिकरणाचा कायदा 2023 मध्ये झाला. नुसत्या कायद्याने भागत नाही, वेळेवर पैसा आणि गोदामात माणसं लागतात. फार्मासिस्टचं पद रिकामं असेल तर ई-औषधीवर, म्हणजे औषधसाठ्याच्या संगणक प्रणालीवर, नोंदी कोण करणार?

कलमबहाद्दर
कागदांचं सांगते. माहिती अधिकाराच्या अर्जाला 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय, 150 शब्दांत. ‘औषधं का नाहीत’ असं विचारू नका. ‘का’ला उत्तर मिळत नाही, कागद मागितला की मिळतो. मागा : दहा औषधांची नावं देऊन बारा महिन्यांची महिनावार आरंभीची शिल्लक, आवक, वाटप, अखेरची शिल्लक; मागणीपत्रांच्या तारखांसह प्रती; मुदतबाह्य साठ्याची नोंद. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील करा. कलम 2(जे) खाली नोंदवही समोर बसून पाहता येते, झेरॉक्सचा खर्च वाचतो.

हे आकडे आधी ग्राम आरोग्य समितीत मांडा, मग ग्रामसभेत ठराव घ्या. 2007 पासून अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख, म्हणजे आरोग्यसेवेवर लोकांनीच लक्ष ठेवणं, सुरू झाली, तेव्हा जनसुनवायांत असेच प्रश्न अधिकाऱ्यांसमोर मांडले गेले. फार्मासिस्टला धारेवर धरू नका, मागणी वर कुठे अडली ते दाखवणारे कागद त्याच्याकडेच असतात.

साठावही
ताईंच्या यादीत एएसव्ही, म्हणजे सापाच्या विषावरचं इंजेक्शन, नक्की घाला. विषबाधेची लक्षणं दिसली की पहिला डोस 8 ते 10 कुप्यांचा, लहान मुलालाही तेवढाच. कारण विष मुलाच्या वजनावर ठरत नाही. कपाटात चार कुप्या असल्या तरी अहवालात ‘उपलब्ध’ असंच जातं. तिथे कुप्यांचा आकडा आणि प्रत्येक बॅचची मुदत मागा, आणि जूनच्या आधी मागा.