घरामागच्या मांगराला (शेडला) वीज: केबल कोणती, नियम काय, खर्च किती?

माडबाग
घर चिऱ्याचं. मागे 45 मीटरवर लोखंडी सांगाड्याचा, पत्र्याचा मांगर. जागा एकाच सातबाऱ्यावर. मांगरात चार ट्यूब, एक पंखा, ग्राइंडर, ड्रिल आणि झावळ्या-पाला बारीक करायचं 2 एचपीचं सिंगल फेज श्रेडर लागणार आहे. घरचं मीटर सिंगल फेज, बिलावर मंजूर भार 1 किलोवॅट. वायरमन म्हणतो, अडीच चौरस मिमीची तांब्याची वायर पीव्हीसी पाइपातून नेऊ, काही होत नाही. विहिरीवर शेतीपंपाचं वेगळं मीटर आहे, ते मांगरापासून जेमतेम 12 मीटर. तिथूनच घेतलं तर? खर्च किती धरू?

मीटरबोर्ड
शेतीपंपाच्या मीटरवरून घेऊ नका. त्या दरात पंपाबरोबर पंपघरात 40 वॅटपर्यंतचा एक दिवा चालतो. 2024 पासून साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत, त्यामुळे मोह होणारच. पण मंजूर कारणाव्यतिरिक्त दुसऱ्या कामाला वीज वापरणं वीज कायदा 2003 च्या कलम 126 मध्ये बसतं. आकारणी दुप्पट दराने होते, आणि वापर कधीपासून चालू आहे हे ठरवता आलं नाही तर मागच्या 12 महिन्यांची.

घरच्या मीटरवरून घ्यायला हरकत नाही. जागा एक, मालक एक, वापर घरगुती. मात्र मंजूर भार वाढवून घ्या. श्रेडर चालताना 2 किलोवॅटच्या आसपास ओढेल, त्यावर ग्राइंडर आणि दिवे, म्हणजे मांगराचेच 3 धरा. घर मिळून 4 किलोवॅटचा भारवाढीचा अर्ज करा. त्याला परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो, म्हणून काम संपल्यावर सही शोधत फिरण्यापेक्षा काम त्याच्याकडूनच करून घ्या. सिंगल फेज घरगुती मीटरला स्थिर आकार जोडणीमागे असतो, किलोवॅटमागे नाही. तेव्हा भारवाढीने दरमहा बिल फुगेल ही भीती नको. बिल फुगतं ते युनिट 100 च्या किंवा 300 च्या पुढे गेल्यावर.

मांगरात पुढे विक्रीचं काम सुरू केलंत, तर घरगुती दराची मुभा महिन्याला 300 आणि वर्षाला 3600 युनिटपर्यंतच आहे. त्यापुढे दरवर्ग बदलावा लागतो.

दीड_एचपी
अडीचची वायर जळणार नाही, हे वायरमनचं खरं. पण श्रेडर उठणार नाही. 45 मीटर अंतर म्हणजे जाऊन-येऊन 90 मीटर तार. अडीचच्या तांब्याचा रोध किलोमीटरला 7.41 ओहम. मोटर सुरू होताना चालू करंटच्या पाचपट ओढते, 55 अँपिअर धरा. 7.41 × 0.09 × 55 म्हणजे जवळजवळ 37 व्होल्ट वाटेतच गेले. संध्याकाळी घरात 205 असतील तर मोटरला 168 मिळतात. ती गुणगुणत उभी राहते, आधी कपॅसिटर जातो, मग वाइंडिंग.

3 कोर 10 चौरस मिमी ॲल्युमिनियम आर्मर्ड (पोलादी तारांचं कवच असलेली) केबल घ्या. किलोमीटरला 3.08 ओहम, म्हणजे सुरू होताना 15 व्होल्ट आणि 16 अँपिअरवर चालताना साडेचारच्या आसपास घट. तार तापली की थोडी वाढते, पण चालेल. तांबं 6 चौरस मिमी घेतलंत तरी घट तेवढीच, पैसे मात्र जास्त.

ॲल्युमिनियमची एकच खोड आहे: टोकं. नुसती तार पितळी टर्मिनलमध्ये कसली की महिन्याभरात ढिली होते, तापते, काळी पडते. पिन लग (तारेच्या टोकावर बसणारी धातूची टोपी) क्रिम्प करून, म्हणजे दाबून घट्ट बसवून, लावा. क्रिम्पिंग पक्कडीनेच, साध्या पकडीने दाबून नाही.

माती_आणि_अर्थ
केबलवर एवढी चर्चा झाली, पण पत्र्याच्या मांगरात माणूस मरतो तो अर्थिंग धड नसल्यामुळे.

आपल्याकडे जांभा. उन्हाळ्यात त्यात अर्थिंगच्या रॉडचा रोध 100 ओहम निघाला तरी नवल नाही. फेज सांगाड्याला लागली तर 230 भागिले 100, म्हणजे 2.3 अँपिअर वाहतील. 16 अँपिअरचा एमसीबी (करंट जास्त झाला की पडणारा स्विच) त्याकडे बघणारही नाही. अख्खा मांगर लाइव्ह राहील, पत्र्यासकट. रोध 20 ओहमवर आणलात तरी 11.5 अँपिअरच. म्हणून 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट जमिनीकडे गळला की वीज तोडणारा स्विच) इथे सक्तीची समजा. 100 ओहमच्या रॉडवरही 30 मिलिअँपिअर गळती, म्हणजे सांगाड्यावर जेमतेम 3 व्होल्ट, एवढ्याला ती पडते, आणि थेट फेज लागली तर क्षणार्धात तोडते.

वायरमन फेज आणि अर्थमध्ये 100 वॅटचा बल्ब लावून दाखवतील, पेटला की म्हणतील अर्थ झकास. बल्बचा स्वतःचा रोधच 529 ओहम. 100 ओहमच्या रद्दी अर्थवरही त्याला 190 च्या वर व्होल्ट मिळतात, पेटणारच. अर्थ टेस्टरने मोजून घ्या, तेही मे महिन्यात.

रॉड 3 मीटरचे दोन, एकमेकांपासून किमान 3 मीटर दूर. जागा मोरीचं पाणी मुरतं त्या आळ्याजवळ. कातळात ठोकून जात नाहीत, भोक मारून अर्थिंगचं कंपाउंड (ओल धरणारी भुकटी) भरावं लागतं. मांगराचा सांगाडा, केबलचं आर्मर आणि तिसरा कोर तिथे एकत्र बांधा.

त्याआधी घरचा मीटरबोर्ड उघडून बघा. कित्येक ठिकाणी अर्थ मिळत नाही म्हणून हिरवी वायर न्यूट्रलला जोडून ठेवलेली असते. खांबावर न्यूट्रल तुटला की तीच वायर 230 व्होल्ट घेऊन तुमच्या मांगराच्या पत्र्यापर्यंत येईल. ती जोडणी आधी काढा.

माडबाग
आरसीसीबी घरात लावू की मांगरात? आणि पावसात सारखी पडते असं ऐकतो.

माती_आणि_अर्थ
मांगरात 40 अँपिअर, 30 मिलिअँपिअर. घराकडच्या टोकाला 25 चा डबल पोल (फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा) एमसीबी आणि 100 मिलिअँपिअरची वेळ-विलंबाची, एस प्रकारची आरसीसीबी. दोन्हीकडे 30 च्या लावल्या तर आधी कोणती पडेल याचा नेम नाही, रात्री मांगरात काही झालं की घराकडे धावा. मांगरात पुढे श्रेडरला 16 चा सी कर्व्ह (मोटर सुरू होतानाचा झटका सोसणारा) एमसीबी, दिव्यांना 6 चा. आरसीसीबी ओव्हरलोडला पडत नाही, म्हणून एमसीबी हवेतच.

पावसात पडते कारण स्विचबोर्डात ओल आणि मुंग्या. आरसीसीबीला दोष देऊन ती काढून टाकणारे बरेच. बोर्ड आयपी 65 चा (धूळ-पाणी आत न जाणारा) घ्या, केबल खालून आत आणा, पागोळीखाली बसवू नका. आरसीसीबीवरचं टी (टेस्ट) बटण महिन्यातून एकदा दाबा.

दीड_एचपी
मला घराकडची दुसरी आरसीसीबी खर्चिक वाटते. 30 ची एकच घराकडे लावली तर केबलही तिच्या संरक्षणात येते. फेरी मारायची तयारी असेल तर पुरे.

चरवाला
चर 750 मिमी खोल, तळाला 75 मिमी वाळू, केबल, परत वाळू, वर चिऱ्याच्या कपच्या किंवा विटा, मग धोक्याची लाल पट्टी. कातळ लागून तेवढं खोल जात नसेल तर जीआय पाइपातून नेऊन वर काँक्रीट ओता. पीव्हीसी पाइप घुशी कुरतडतात, म्हणून आर्मर्डच.

हवेतून न्यायची तर जमिनीपासून 4 मीटरच्या खाली नको, आणि माडाला तर मुळीच बांधू नका. माड डोलतो, झावळ पडते, केबल दोन वर्षांत सोलते. दोन्ही टोकांना खांब, वर जीआय तार.

खर्च असा धरा: केबल 52 मीटर (चढ-उतारासह) 9 ते 10 हजार. आरसीसीबी, एमसीबी, बोर्ड, ग्लँड, लग मिळून 6 ते 8. दोन रॉड भोकासकट 6 ते 7. मांगरातलं वायरिंग 5. चर मातीत असेल तर 5, कातळात 10 च्याही वर. ठेकेदाराची मजुरी आणि टेस्ट रिपोर्ट धरून 35 ते 45 हजार. कमी करायचं असेल तर दिवे कमी करा, रॉड नको.