नेफ्रोटिक सिंड्रोम असलेल्या मुलाच्या पायात रक्ताची गुठळी

प्रश्न (पालक, केज तालुका):
माझ्या सात वर्षांच्या मुलाला नेफ्रोटिक सिंड्रोम (मूत्रपिंडातून प्रथिने लघवीवाटे निसटून अंगावर सूज येण्याचा आजार) आहे. आजार तिसऱ्यांदा उलटल्याने दोन्ही पायांवर सूज होतीच. परंतु परवा डावी पोटरी उजवीपेक्षा जाड, गरम आणि हात लावू न देण्याइतकी दुखरी झाली. अंबाजोगाईला डॉप्लर तपासणीत (रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत) शिरेत रक्ताची गुठळी आढळली आणि रक्त पातळ करणाऱ्या हेपारिनची इंजेक्शने सुरू झाली. प्रथिने लघवीतून जातात, मग गुठळी पायात का व्हावी? शिवाय पाय कोमट तेलाने चोळावा, असा आमच्या आईचा आग्रह आहे.

उत्तर (बालरोगतज्ज्ञ, लातूर):
पाय मुळीच चोळू नका. गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते. या आजारात लघवीवाटे रक्तातले पाणी धरून ठेवणारे अल्ब्युमिन हे प्रथिनच नव्हे, तर रक्त गोठण्याला लगाम घालणारे अँटिथ्रॉम्बिनही वाहून जाते, आणि ही तूट भरून काढण्याच्या धडपडीत यकृत फायब्रिनोजेनसारखी गोठवणारी प्रथिने जास्त तयार करते. त्यातच अल्ब्युमिन घटल्याने पाणी रक्तवाहिन्यांबाहेर झिरपते. अंग फुगलेले दिसते, पण आतले रक्त मात्र दाट झालेले असते. म्हणूनच सूज लवकर उतरावी म्हणून लघवीची (शरीरातले पाणी लघवीवाटे काढणारी) गोळी आपल्या मनाने वाढवणे धोक्याचे असते. हेपारिन अँटिथ्रॉम्बिनच्याच आधाराने काम करते, त्यामुळे या मुलांना कधी कधी त्याची मात्रा अधिक लागते.

उत्तर (आई, जालना):
माझ्या मुलीला गुठळी मेंदूच्या शिरेत झाली होती. मे महिन्यात दोन दिवस जुलाब झाले, लघवीची गोळी चालूच होती, आणि डोके दुखून उलट्या सुरू झाल्या तेव्हा ऊन लागले असेल असे समजून आम्ही तिला पन्हे पाजत बसलो. तिसऱ्या दिवशी झटका आला. एमआरआय केल्यावर कारण कळले. ती बरी आहे, पण ते दोन दिवस आम्ही उगाच घालवले.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. तेलाची वाटी उचलून ठेवली आहे. ताप आल्यास घरातले आयबुप्रोफेनचे सिरप चालेल का?

उत्तर (बालरोगतज्ज्ञ, लातूर):
नको. ते मूत्रपिंडाला अपायकारक आहे, आणि हेपारिन चालू असताना त्याने रक्तस्रावाचा धोकाही वाढतो. वजनानुसार पॅरासिटामॉल द्या, मात्र ताप आल्याचे त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा, कारण या मुलांमध्ये जंतुसंसर्ग झपाट्याने वाढतो. गावातल्या दवाखान्यात कोणी कमरेत इंजेक्शन देऊ लागले, तर रक्त पातळ करणारे औषध चालू असल्याचे आधी सांगा.