पगाराची सिस्टीम बदलायची आहे, सुरुवात कुठून करू?

हजेरीवही यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. आमच्याकडे साडेतीनशेच्या आसपास माणसं आहेत. निम्मी तीन पाळ्यांत काम करतात, बाकीची ऑफिसातून किंवा घरून. पगार आजवर एक्सेलवर होत आला. ते शीट सांभाळणारे आमचे सगळ्यात जुने सहकारी लवकरच निवृत्त होतायत, आणि त्यातली बरीच सूत्रं का लावली आहेत हे त्यांच्याशिवाय कुणालाच माहीत नाही.

आता हे काम माझ्याकडे आलंय. वरून आदेश असा की नवं सॉफ्टवेअर निवडा, चुका कमी करा, खर्च वाढवू नका. खालून मागणी अशी की महिना संपायच्या आत झालेल्या कामाचे पैसे उचलता यावेत, पे स्लिप मोबाईलवर मिळावी, ओव्हरटाइमचा हिशोब समजावा. सगळ्याच गोष्टी रास्त आहेत, पण एकदम होणार नाहीत. तुम्ही माझ्या जागी असता तर आधी कशाला हात घातला असता?

टेबल_क्रमांक_दोन

सरळ बाहेर देऊन टाका. पगार हे आपलं मूळ काम नव्हे. आम्ही दिलंय. कायदे बदलले की अपडेट तेच करतात, आपली माणसं मोकळी होतात. डेमो मागवताना तीन-चार कंपन्यांचे मागवा आणि करार करताना एक कलम नक्की घाला: सोडून जायचं झालं तर आपला सगळा जुना डेटा वापरता येईल अशा स्वरूपात परत मिळाला पाहिजे.

पगारपत्रक

ताई, टेबल_क्रमांक_दोन यांनी सांगितलेलं डेटा परत मिळण्याचं कलम सोन्यासारखं आहे, ते घ्याच. पण बाहेर दिलं तरी हजेरी, रजा, बढती, नवीन माणूस, सोडून गेलेला माणूस ही माहिती तुमच्याकडूनच जाणार. पगार चुकला की माणूस तुमच्याच टेबलाशी येऊन उभा राहणार. मी आयुष्यभर हेच काम करत आलेय, आणि पगारातली बहुतेक गडबड हिशोबाच्या आधीच झालेली असते असं मी ठामपणे सांगू शकते. सुपरवायझरने रजा मंजूर केली पण कळवली नाही. पाळी बदलली, नोंद जुनीच राहिली. इन्क्रिमेंटचं पत्र कट-ऑफनंतर, म्हणजे त्या महिन्याच्या पगारासाठी माहिती घेण्याची शेवटची तारीख उलटल्यावर आलं.

म्हणून सॉफ्टवेअरचे डेमो बघण्याआधी त्या निवृत्त होणाऱ्या काकांसोबत बसा. शीटमधली एकेक ओळ घ्या आणि विचारा, हे असं का? ते जे सांगतील ते साध्या भाषेत लिहून काढा. हे काम कंटाळवाणं आहे आणि त्याला वेळ लागतो, पण तुमच्या यादीतली सगळ्यात तातडीची गोष्ट हीच आहे, कारण काका गेल्यावर ती करताच येणार नाही.

एक नमुना देते. समजा महिना ३१ दिवसांचा आहे, पगार ३०,००० आहे आणि नवीन माणूस १७ तारखेला, सोमवारी रुजू झाला. म्हणजे नोकरीचे दिवस १५.

३० ने भागलंत तर १५,००० निघतात. कॅलेंडरच्या ३१ दिवसांनी भागलंत तर १४,५१६. आणि शनिवार-रविवार वगळून कामाचे दिवस धरलेत, म्हणजे २१ पैकी ११, तर १५,७१४. तिन्ही आकडे कुठल्या ना कुठल्या ऑफिसात बरोबर मानले जातात. तुमच्याकडे कुठला नियम आहे? बिनपगारी रजेलाही तोच आहे का? नोकरी सोडणाऱ्यालाही? एकाच शीटमध्ये रुजू होणाऱ्याला एक नियम आणि सोडून जाणाऱ्याला दुसरा, असं मी वारंवार पाहिलंय. ते मुद्दाम कुणी करत नाही. दोन वेगळ्या वर्षी दोन वेगळ्या माणसांनी सूत्र घातलेलं असतं. हा घोळ जसाच्या तसा नव्या सॉफ्टवेअरमध्ये भरलात तर तो तिथे जाऊन पक्का होतो, आणि मग तो बदलायला व्हेंडर, म्हणजे सॉफ्टवेअर देणारी कंपनी, पैसे मागते.

घाई केली की काय होतं याचं सगळ्यात मोठं उदाहरण कॅनडा सरकारचं आहे. फिनिक्स नावाची पगार-प्रणाली त्यांनी २०१६ साली सुरू केली. कर्मचारी सुमारे २,९०,००० आणि पगाराचे नियम ८०,००० हून अधिक. त्याआधीच वेगवेगळ्या खात्यांत बसणाऱ्या जवळपास १,२०० पगार-सल्लागारांची पदं रद्द केली आणि मिरामिशी या गावी एका केंद्रात साधारण साडेपाचशे माणसं बसवली. एका खात्यात आधी चाचणी घ्यायचं ठरलं होतं, ती रद्द केली. वेळ आणि पैसा वाचवायला काही महत्त्वाच्या सोयी गाळल्या, त्यात मागील तारखेपासूनची थकबाकी काढण्याची सोयही होती. पुढे काहींना कमी पगार गेला, काहींना जास्त, काहींना गेलाच नाही. २०१८ मध्ये तिथल्या महालेखापालांनी हे अपयश अनाकलनीय असल्याचं अहवालात लिहिलं. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्याच्या आरोग्य खात्यातही २०१० मध्ये असंच झालं होतं, तिथे बाधित माणसं नर्स आणि वॉर्डातली मंडळी होती.

मला यातली पदं काढून टाकल्याची गोष्ट सगळ्यात जास्त लागते. त्या सल्लागारांना माहीत होतं की अमुक माणूस तमुक करारावर आहे, त्याचा भत्ता वेगळा आहे. ते ज्ञान कुठल्याही मॅन्युअलमध्ये नव्हतं. तुमचे काका म्हणजे तेच ज्ञान.

पॅरलल रनबद्दल: जुनं शीट आणि नवी सिस्टीम शेजारी शेजारी चालवा, आणि प्रत्येक माणसाचा निव्वळ पगार जुळवा. नुसती एकूण बेरीज जुळवून थांबू नका. एकाला दोनशे जास्त आणि दुसऱ्याला दोनशे कमी गेले तरी बेरीज जुळतेच. शिवाय सरळ चालणारा महिना निवडू नका. ज्या महिन्यात बढत्या, थकबाकी आणि फुल अँड फायनल (नोकरी सोडणाऱ्याचा शेवटचा हिशोब) सगळं आहे असाच घ्या.

महिना संपायच्या आत पैसे उचलण्याची मागणी मला मनापासून पटते. घरात अडचण आली की माणूस जबर व्याजाने पैसे उचलतो, त्यापेक्षा स्वतःच्या घामाचे आधी मिळाले तर बरंच. पण त्यासाठी आजची हजेरी आजच बरोबर लागायला हवी. तुमची हजेरी महिनाअखेरीस सावरली जात असेल तर ही सोय थोडी थांबवा. हजेरी रोजच्या रोज पक्की होऊ लागली की मग ही सोय सुरू करा.

पे स्लिप मात्र थांबवू नका, त्याला फारसा खर्च नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९४९ चा वेतन-संरक्षण करार आहे, क्रमांक ९५. कामगाराला त्याच्या वेतनाचा तपशील सहज समजेल अशा रीतीने कळवावा, असं त्यात म्हटलंय. तुमची स्लिप त्या कसोटीवर तपासा. ‘इतर कपात’ अशी ओळ असेल तर ती फोडा. ओव्हरटाइमपुढे तास आणि दर दोन्ही दाखवा. टेबलाशी येणाऱ्या प्रश्नांची संख्या यानेच सगळ्यात जास्त घटते.

मेकर_चेकर

पगारपत्रक ताईंशी सहमत. मी आयटीतला, म्हणून दोन गोष्टी जोडतो.

पहिली, बँक खातं बदलण्याच्या विनंत्या. कर्मचाऱ्याच्या नावाने ईमेल येतो, ‘माझं खातं बदललंय, या महिन्यापासून इथे पगार टाका.’ नाव बरोबर, खाली सहीसुद्धा असते, आणि पगार चोराच्या खात्यात जातो. अमेरिकेच्या एफबीआयने २०१८ मध्ये पगार वळवण्याच्या फसवणुकीबद्दल जाहीर इशारा दिला होता. यावर उपाय साधा आहे. ईमेलवरून खातं बदलायचंच नाही. रेकॉर्डमध्ये आधीपासून असलेल्या नंबरवर स्वतः फोन करायचा, ईमेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही. नोंद एकाने करायची, मंजुरी दुसऱ्याने द्यायची.

दुसरी, सिस्टीम बंद पडली तर पगार कसा करणार? डिसेंबर २०२१ मध्ये क्रोनॉस या मोठ्या हजेरी-सेवेच्या क्लाउडवर रॅन्समवेअर (डेटा अडवून खंडणी मागणारा) हल्ला झाला आणि ती सेवा कित्येक आठवडे विस्कळीत राहिली. इस्पितळं, नगरपालिका कागदावर हजेरी घेऊ लागल्या. काहींनी मागच्या वेळचा पगार तसाच पुन्हा दिला आणि हिशोब नंतर जुळवला. तेव्हा दर महिन्याची अंतिम पगार-फाइल आणि खात्यांची यादी व्हेंडरच्या क्लाउडबाहेर, कुलूपबंद स्वरूपात ठेवा.

हजेरीवही

सगळ्यांचे आभार. काकांशी आजच बोलले, ते आनंदाने तयार झाले. एक प्रश्न राहिला. नियम तपासताना काहींना आजवर जास्त पगार गेल्याचं निघालं तर?

पगारपत्रक

निघेल, आणि कमी गेल्याचंही निघेल. कमी गेलेले आधी द्या, पुढच्या पगाराची वाट न बघता. जास्त गेलेले पुढच्या पगारातून परस्पर कापू नका. कपात कुठल्या आणि किती करता येतात याला कायद्याच्या मर्यादा असतात, त्या आधी वकिलाकडून तपासून घ्या. मग त्या माणसाला समोर बसवून हिशोब दाखवा, हप्ते त्याच्याशी बोलून ठरवा आणि त्याची लेखी संमती घ्या. चूक ऑफिसची होती हे पत्रात स्पष्ट लिहा. रक्कम किरकोळ आणि जुनी असेल तर ती सोडून द्यावी असं मी मॅनेजमेंटला नेहमी सांगत आलेय, तुम्हीही सांगून बघा.

काकांसोबत बसाल तेव्हा पाळीभत्त्यापासून सुरुवात करा. मध्यरात्री तारीख बदलते, तिथे पाळी कुठल्या दिवसात धरली जाते हे सगळ्यात आधी विचारा.