नव्या पिल्लाला जुलाब: आधी पेज की आधी डॉक्टर?

रानजाई

मागच्या शनिवारी आम्ही एक देशी पिल्लू घरी आणलं. आमच्या सोसायटीमागच्या मोकळ्या प्लॉटवर एक कुत्री व्यायली होती, पाच पिल्लं होती, त्यातली ही एक. साधारण दोन महिन्यांची मादी, नाव ठेवलं भिंगरी. पहिले दोन दिवस मजेत गेले आणि तिसऱ्या दिवशी सकाळपासून पातळ शी सुरू, दुपारी दोनपर्यंत सहा वेळा, शेवटच्या दोनदा तर नुसतं पाणी आणि आंव. मी घाबरून आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं तर धडाधड सल्ले आले, जायफळ उगाळून चाटव, डाळिंबाची साल उकळून दे, दहीभात दे, दिवसभर उपाशी ठेव, गरम दूध दे म्हणजे पोट साफ होईल. डॉक्टरकडे ने असं फक्त दोघांनी सांगितलं.

मी तिला उचललं आणि नेलं. आता घरात वाद चालू आहे की एवढ्याशा जुलाबासाठी पळायची गरज होती का, आमच्या लहानपणी कुत्र्यांना कोण डॉक्टरकडे न्यायचं वगैरे. म्हणून हा धागा.

माझं मत असं आहे की पिल्लू चार महिन्यांच्या आतलं असेल आणि लसी पूर्ण झाल्या नसतील तर जुलाब लागल्यावर त्याच दिवशी डॉक्टर. पेज, भात हे त्याच्या जोडीला करा, त्याऐवजी नको. मोठ्या, लसी झालेल्या कुत्र्यासाठी मी असं म्हणणार नाही, त्याला एक दिवस साधं खायला घालून बघता येतं. पण भिंगरीचं वजन भरलं २ किलो ४०० ग्रॅम. एवढ्याशा जिवातून सकाळपासून सहा वेळा पाणी गेलं तर उरलं किती? आणि पार्वोची, म्हणजे लस न झालेल्या पिल्लांना होणाऱ्या जीवघेण्या विषाणूच्या आजाराची, सुरुवात अशीच होते म्हणतात, मग घरी बसून शी बघून मला काय कळणार होतं? विरोधी मत असेल तरी बिनधास्त लिहा, मला खरंच समजून घ्यायचंय.

बांधावरून

ताई, पिल्लू घरात घेतलंत हे फार चांगलं केलंत, पण तुमच्या मताशी मी सहमत नाही. मी सातारा जिल्ह्यातला, घरी कायम तीनचार कुत्री असतात, आजवर पंधरावीस पिल्लं तरी हातावर वाढवलीत. पिल्लू घरी आलं की पहिल्या आठवड्यात बहुतेकांना जुलाब होतात. आईचं दूध सुटलेलं असतं, भावंडं नाहीत, जागा नवीन, रात्री रडून रडून जीव शिणलेला, आणि वर घरातले पाच जण पाच प्रकारचं खायला घालतात, एक जण दूध, एक जण बिस्कीट, एक जण पनीर, पोरं काय घालतात ते तर देवालाच ठाऊक. त्या पोटाने करायचं काय? आम्ही हे सगळं बंद करतो, भाताची पातळ पेज मीठ न घालता आणि चमचाभर ताक, दुसऱ्या दिवशी पिल्लू टणटणीत.

पिल्लू खेळत असेल, शेपूट हलवत असेल, खायला मागत असेल तर एक दिवस थांबायला काहीच हरकत नाही.

आणि एक गोष्ट शहरातली माणसं विसरतात. लस न झालेलं पिल्लू तुम्ही दवाखान्यात नेता, तिथे बाकावर आणि फरशीवर दिवसभर आजारी कुत्री येऊन गेलेली असतात. साध्या जुलाबासाठी गेलात आणि पार्वो घेऊन आलात असं होऊ शकतं. माझ्या पुतण्याच्या पिल्लाचं झालं तसं, जंताचं औषध आणायला गेला होता आणि आठवड्यात पिल्लू गेलं.

चारपायांची आई

बांधावरून, तुमचा अनुभव मोठा आहे, आणि दवाखान्याच्या फरशीचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण त्याचा उपाय न जाणं हा नाही हो. आधी फोन करा, लस न झालेलं पिल्लू आहे आणि जुलाब आहेत हे सांगा, टॉवेलात गुंडाळून कुशीत न्या, नंबर येईपर्यंत बाहेर गाडीपाशी उभे राहा, पिल्लाचा पाय खाली टेकवायचा नाही, तपासायच्या टेबलावरही आपलाच टॉवेल अंथरायचा. मी सहा वर्षं पिल्लं फॉस्टर करते, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत सांभाळते, असंच नेते.

मला जे टोचलं ते तुमचं "खेळतंय म्हणजे एक दिवस थांबा". चार वर्षांपूर्वी दिवाळीनंतर माझ्याकडे दोन भाऊ आले होते, काळू आणि बाळू. सकाळी पातळ शी, पण दोघं माझ्या साडीचा पदर ओढून खेळत होते. मी हाच विचार केला की खाणं बदललंय, होईल. रात्री काळूला उलट्या सुरू झाल्या, पहाटे शीतून रक्त आणि तो वास, तो वास एकदा नाकात गेला की माणूस जन्मात विसरत नाही. सकाळी आठला दवाखान्याच्या दारात पोचलो तेव्हा तो मान धरत नव्हता. काळू दुपारी गेला. बाळूला त्याच वेळी सलाईन लागलं, पाच दिवस लावलं, तो वाचला, आज नाशिकला एका घरात मजेत आहे. एकाच आईची पिल्लं, एकच आजार, आणि त्या एका रात्रीचं ओझं मी अजून वागवते.

पार्वोचा विषाणू अंगात शिरल्यावर लक्षणं दिसायला साधारण तीन ते सात दिवस लागतात. म्हणजे तुम्ही शनिवारी आणलेलं हसतंखेळतं पिल्लू तिकडूनच तो घेऊन आलेलं असू शकतं आणि बरोबर त्या "पहिल्या आठवड्यात" त्याला जुलाब होतात. नव्या जागेमुळे झालेले जुलाब आणि हे, दोन्हीची वेळ एकच, म्हणून तर फसायला होतं.

आणि हो, ज्या घरात किंवा अंगणात पार्वो होऊन गेलाय तिथे नवीन पिल्लू आणू नका. तो विषाणू महिनोनमहिने जगतो, साध्या फिनाईलने मरत नाही. ब्लीच लागतं, एक भाग ब्लीचला तीस भाग पाणी, आधी जागा घासून धुवायची, मग ते ओतून दहा मिनिटं तसंच ठेवायचं.

हिशेबी

मला वेगळंच बोलायचंय आणि कोणी रागावू नका. "त्याच दिवशी डॉक्टर" हे म्हणायला सोपं आहे. मी मागच्या वर्षी रस्त्यावरचं पिल्लू घेतलं, पहिल्या महिन्यात चार वेळा जुलाब, चार वेळा गेलो, दर वेळी पाचशे फी, एक इंजेक्शन आणि अँटिबायोटिकची बाटली. चारही वेळा तेच औषध. शी तपासा असं एकदाही कोणी म्हटलं नाही. पाचव्या वेळी मी गेलोच नाही, घरी उकडलेलं चिकन आणि मऊ भात दिला, तिसऱ्या दिवशी शी घट्ट झाली. मग ते आधीचे दोन हजार कशाला गेले?

माझ्यासारख्या माणसाला तुम्ही सांगाल की प्रत्येक जुलाबाला डॉक्टर, तर तो पिल्लू घेणारच नाही, रस्त्यावरच राहील ते. तिथे त्याला ना पेज मिळणार ना डॉक्टर.

स्टेथोस्कोप

मी पशुवैद्यकीयच्या शेवटच्या वर्षाला आहे, अजून डॉक्टर नाही, त्यामुळे हे उपचार म्हणून घेऊ नका, पण काही गोष्टी लिहिल्याशिवाय राहवत नाही.

हिशेबी, तुमची तक्रार रास्त आहे. साध्या जुलाबात, म्हणजे कुत्रं तरतरीत आहे, ताप नाही, तर अँटिबायोटिक देऊ नये असंच युरोपातल्या पशुवैद्यांच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलंय. त्याने पोटातले चांगले जिवाणूही मरतात. पण तुमच्या पिल्लाला महिन्यात चार वेळा जुलाब झाले यावरून मला वाटतं की आत जंत किंवा जिआर्डिया, कॉक्सिडिया असे आतड्यातले सूक्ष्म परजीवी, असं काहीतरी राहिलेलं होतं. पुढच्या वेळी जाताना ताजी शी झाकणाच्या डबीत घेऊन जा आणि स्वतःच म्हणा, ही तपासा. फी द्यायचीच आहे तर ती या तपासणीवर जाऊ दे. आणि खाजगी परवडत नसेल तर तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कुत्रीही बघतात, तिथे खर्च फार कमी येतो. लोकांना वाटतं तिथे फक्त गाईम्हशी बघतात.

जंतांबद्दल. गोल जंतांच्या अळ्या आईच्या शरीरात झोपलेल्या असतात, ती गाभण राहिली की जाग्या होतात आणि नाळेतून थेट पिल्लात जातात, पुढे दुधातूनही जातात. म्हणजे रस्त्यावरच्या पिल्लाला जंत आहेत असंच धरून चाला. औषध दोन आठवड्यांच्या वयापासून दर पंधरा दिवसांनी आणि साधारण तीन महिन्यांनंतर सहा महिन्यांचं होईपर्यंत दर महिन्याला, डोस वजनावर ठरतो. घरात लहान मुलं असतील तर जास्तच सांभाळा, हे जंत माणसांच्या मुलांनाही त्रास देतात, कधी कधी डोळ्यांपर्यंत जातात. शी लगेच उचला, हात साबणाने धुवा.

आता रानजाईंना आलेले सल्ले. जायफळ अजिबात नको, आपण बाळाला देतो म्हणून पिल्लाला चालेल असं नाही, त्यातला मायरिस्टिसिन हा घटक कुत्र्यांना बाधतो. माणसांच्या जुलाब थांबवायच्या गोळ्याही नकोत. भात-चिकनमध्ये कांदा, लसूण, मीठ, तेल काही नको, नुसतं पाण्यात उकडलेलं. आणि दिवसभर उपाशी हे तर सगळ्यात वाईट. मोठं कुत्रं काही तास उपाशी राहू शकतं, दोन महिन्यांच्या पिल्लाची साखर झपाट्याने उतरते, ते थरथरतं, लटपटतं, झटकेसुद्धा येतात. त्याला थोडं थोडं, दिवसातून पाचसहा वेळा द्यायचं.

बांधावरून

स्टेथोस्कोप, उपाशी ठेवायचं नाही हे पटलं, आम्हीही पेज देतोच. पण हल्ली सगळे दुधाला वाईट म्हणतात ते पटत नाही. गाईचं बाधत असेल, आमची पिल्लं शेळीच्या दुधावर वाढलीत.

आणि चारपायांची आई, काळूचं वाचून वाईट वाटलं. पण मला सांगा, माझ्या गावापासून कुत्र्यांचा डॉक्टर बावीस किलोमीटर आहे, रविवारी नसतो. आम्ही काय करायचं?

स्टेथोस्कोप

दादा, शेळीच्या दुधातही लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, जवळपास गाईएवढाच असतो. धडधाकट पिल्लू थोडं पचवतं, पण जुलाब चालू असताना दूध कुठलंच नको. ताक, दही चमचाभर चालतं, त्यात लॅक्टोज कमी झालेला असतो.

बावीस किलोमीटरवर डॉक्टर असेल तर निदान या गोष्टी घरी बघायला शिका. मानेमागची कातडी चिमटीत उचलून सोडा, लगेच खाली बसली पाहिजे, तंबूसारखी राहिली तर अंगातलं पाणी कमी झालंय. हिरडीला बोट लावा, ओलसर आणि गुलाबी हवी, चिकट किंवा पांढरट नको. बोटाने दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत रंग परत आला पाहिजे. ताप गुदद्वारातून बघायचा, १०१ ते १०२.५ फॅरनहाइट हे कुत्र्याचं नॉर्मल, नाक गरम की गार यावरून काही कळत नाही. यातलं काही बिघडलेलं दिसलं, जुलाबाबरोबर उलटी सुरू झाली, रक्त दिसलं किंवा पिल्लाने खाणं सोडलं तर बावीस असो की पन्नास, निघायचं. ओआरएस थोडं थोडं चमच्याने देता येतं, पण ते उलटी नसेल तरच, आणि शुगर-फ्री काही देऊ नका, त्यात साखरेऐवजी झायलिटॉल हा गोड पदार्थ असेल तर ते कुत्र्यांना विष आहे.

हिशेबी

मग याचा अर्थ बांधावरून म्हणतात तेच झालं ना, बघा आणि मग ठरवा?

चारपायांची आई

नाही झालं. मोठ्या कुत्र्याबाबत बघा आणि ठरवा. लस न झालेल्या पिल्लाबाबत फोन तरी त्याच तासाला करा, प्रत्यक्ष जायचं की नाही ते डॉक्टर सांगतील. पार्वोची शी-तपासणी दहा मिनिटांत होते. पहिल्या दिवशी ती कधी कधी चुकून निगेटिव्ह येते म्हणून निगेटिव्ह आली तरी लक्ष ठेवायचं. आणि दवाखाना २२ किलोमीटरवर असेल तर उलट लवकर निघायला हवं, कारण तुमच्या हातात वेळ कमी आहे.

बांधावरून

फोनचं मान्य. आमच्या तालुक्याच्या डॉक्टरांचा नंबर आहे माझ्याकडे, म्हशींसाठी रात्रीसुद्धा करतो, कुत्र्यासाठी कधी केला नाही. पण धावत सुटणं अजूनही मला पटत नाही, पिल्लू तरतरीत असेल तर मी फोन करून घरीच थांबेन.

रानजाई

सगळ्यांना धन्यवाद, भिंगरीचं सांगते. पार्वो निगेटिव्ह आला. शीत गोल जंतांची अंडी भरपूर सापडली. डॉक्टरांनी कातडीखालून सलाईन दिलं, अँटिबायोटिक दिलं नाही, उद्या परत या आणि बरी दिसली तर जंताचं औषध देऊ म्हणाले. औषधानंतर रात्री शीतून शेवयांसारखे जंत पडले, माझी मुलगी रडायला लागली. दोन दिवस उकडलेलं चिकन आणि तिप्पट मऊ भात, थोडा शिजवलेला लाल भोपळा, सहा वेळा, मग पिल्लांचं रोजचं खाणं त्यात हळूहळू वाढवत नेलं. आज शी घट्ट आहे. पहिली लस अजून द्यायचीय, पूर्ण बरी झाली की देणार, पुढे दर तीनचार आठवड्यांनी सोळा आठवड्यांची होईपर्यंत.

बांधावरून, तुम्ही खाण्याचं म्हणालात तेही खरं निघालं. आमच्याकडे तिला तीन दिवसांत दूध, बिस्किटं, अंडं आणि पोळी एवढं सगळं मिळालं होतं. पण नुसतं ते बंद करून पेज दिली असती तर जंत आतच राहिले असते.

आता प्रश्न असा आहे की प्लॉटवर तिची चार भावंडं आणि आई अजून आहेत. म्हणजे त्यांनाही हेच असणार. डॉक्टर म्हणाले वजन करून आणा, मी डोस लिहून देतो. रविवारी जाणार आहोत पण तिथे ती एका जागी बसत नाहीत, वजन कसं करायचं?

बांधावरून

कापडी पिशवीत घाला, नुसतं तोंड बाहेर ठेवा, आणि भाजीवाल्याकडचा लटकवायचा काटा मागून घ्या. पिशवीचं वजन आधी करून ठेवा. आईला आधी पोटभर खायला घाला आणि ती खात असताना एक जण तिच्याजवळच बसा, नाहीतर पिल्लाला हात लावू देणार नाही. वजन झालेल्या पिल्लाच्या कपाळाला कुंकवाचं बोट लावा म्हणजे तेच पिल्लू परत उचललं जात नाही.