क्लायंट फीडबॅक व्हॉइस नोटवर देतात अन् नंतर म्हणतात "मी असं म्हनलोच नाही", तुमी रेकॉर्ड कसा ठेवता?

दारव्हा_डिजिटल

राम राम मंडळी. दारव्ह्याजवळच्या एका गावातून सोशल मीडियाचं काम करतो, सहा क्लायंट आहेत, दोन कृषी केंद्र, साडी सेंटर, मंगल कार्यालय, कोचिंग क्लास अन् एक ढाबा. डिझाइनचं टेन्शन नाही, फीडबॅकनं डोकं खाल्लं. सहापैकी एकही माणूस टाइप करत नाही, सगळे व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट पाठवून रायले, त्या बी गाडी चालवता चालवता. परवा एक ४ मिनिटं ४० सेकंदाची आली, त्यात पहिले पाऊस, मंग साळ्याचं सोयाबीन, मधात कोणाले तरी "दोन कट आन बे", अन् शेवटी आठ सेकंद कामाचे, "ते खालचं जरा वर घ्या आन रंग थोडा उठावदार करा". खालचं म्हणजे कोणतं? त्या दिवशी मी तीन पोस्ट पाठवल्या होत्या.

महालक्ष्म्यांच्या वेळेस तर वाटच लागली. साडी सेंटरवाल्या काकांनी सेलचा भाव नोटमध्ये सांगतला, मागून ट्रॅक्टर चालला होता, मी ऐकलं तीनशे. दोन दिवसांनी पोस्ट टाकली, वरून ती जास्त लोकांले दिसावी म्हणून ५०० रुपयाचं बूस्ट बी मारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी फोन, "अरे पोट्ट्या, मी पावणेतीनशे म्हनलो, बाजूवाला दोनशे ऐंशीत देऊन रायला अन् तू माहं गिऱ्हाईक त्याच्या दुकानात पाठवून रायला". मी म्हटलं थांबा काका, तुमचीच नोट तुमाले ऐकवतो. चॅट उघडली तर नोटच नाही. बूस्टचे पैसे माझ्या खिशातून गेले, अन् खरं सांगू तर काका कदाचित बरोबरच असतील, पण मले ऐकायले तर भेटलं पाहिजे ना.

तुमी लोक हे सगळं कुठं अन् कसं ठेवता?

परतवाडा_फ्रेम

भाऊ, नोट अशी गायब होत नाही. काकांनी सगळ्यांसाठी डिलीट केली असती तर तिथी "मेसेज डिलीट केला" असं दिसलं असतं, अन् ते बी पाठवल्यावर दोन-अडीच दिवसांच्या आतच जमते. तुमच्या चॅटमध्ये डिसअपिअरिंग मेसेज, म्हणजे ठरलेल्या वेळानं मेसेज आपोआप उडायची सेटिंग, चालू असन. वर काकांच्या नावावर दाबून पाहा, २४ तास, ७ दिवस, ९० दिवस असे पर्याय दिसतात. काकांच्या पोरानं फोन भरते म्हणून २४ तासावर लावून ठेवलं असन, माझ्याकडं हुबेहूब हेच झालं होतं.

मी आता नोट आली की ऐकायच्या आधी फॉरवर्ड करतो. प्रत्येक क्लायंटच्या नावाचा एक ग्रुप केला आहे, त्यात मी अन् माझा दुसरा नंबर, तिसरं कोणी नाही. फॉरवर्ड केलेली नोट मूळ चॅटमधून उडाली तरी तिथी राहते. स्टार करून ठेवतो म्हणणारे लय भेटतील, पण स्टार केलेलं शंभरच्या वर गेलं की त्यात शोधणं म्हणजे गंजीत सुई. अँड्रॉइड फोनमध्ये नोटची फाइल सापडते, नावात पीटीटी अन् तारीख असते, पण कोणाची नोट ते नावावरून कळत नाही, अन् फोन भरला की आपणच तो फोल्डर साफ करतो. मी एकदा केला. एका लग्नाच्या सीझनचा सगळा फीडबॅक गेला.

"खालचं कोणतं" याचा इलाज सोपा आहे. ड्राफ्टच्या कोपऱ्यात मोठ्ठा आकडा टाका, १, २, ३, असा की चष्मा नसला तरी दिसला पाहिजे. अन् क्लायंटले समोर बसवून एकदा शिकवा, फोटो बोटानं उजवीकडं सरकवायचा अन् मंग माइक दाबायचा. नोट त्या फोटोले चिकटून येते. माझ्या ढाबेवाल्याले चार वेळा शिकवावं लागलं, आता तो त्याच्या गिऱ्हाइकाले बी तसंच उत्तर देते.

बियाणे_खते_औषधे

मी दुसऱ्या बाजूचा माणूस, म्हणजे नोट पाठवणारा. तुमी पोट्टे म्हनता टाइप करत नाही, अरे बाप्पा जूनमध्ये एक दिवस माह्या काउंटरवर उभे राहून दाखवा. एका हातात बिल बुक, समोर बारा माणसं, बाहेर ऑटोत बॅगा भरून रायले. मराठी टाइप करतो म्हटलं तर एका शब्दाले तीनदा खोडा लागते. बोलणं सोपं, मनून बोलतो.

पण एक गोष्ट मी आता नोटवर बोलतच नाही, ती म्हणजे औषधाचं प्रमाण. शिफारस असते १० लिटर पाण्याले, अन् आमच्या इकडचा फवारणीचा पंप १५ नाहीतर १६ लिटरचा. मी नोटमध्ये "दहाले एवढं" मनलो, पोस्टवाल्या पोरानं लिवलं "पंपाले एवढं". टाकायच्या आधी मी पाह्यलं मनून निभावलं. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी अन् मजूर गेले, त्याच जिल्ह्यात दुकान टाकून बसलेला माणूस मी, माह्या पेजवर चुकीचा आकडा जाऊ देईन काय? आता डब्यावरच्या लेबलचा फोटो पाठवतो अन् नोटमध्ये एवढंच मनतो, फोटोत हाय तेच लिव, तुह्या मनचं काही टाकू नको.

मोर्शीची_ताई

मी बचत गटाच्या बायांचं पापड-कुरडयांचं पेज पाहते. आमच्याकडं तर नोटशिवाय भागतच नाही, निम्म्या जणींले फोनवर लिहिताच येत नाही. पण नोट ठेवून देणं म्हणजे रेकॉर्ड ठेवणं नव्हे असं माझं मत आहे. भांडण झाल्यावर चाळीस नोटा कोण ऐकत बसते? मी नोट ऐकली की चार ओळी लिहून त्याच चॅटवर परत पाठवते, "पोस्ट २, भाव २७५, निळी पट्टी काढायची, शुक्रवारी सकाळी टाकायची, बरोबर का?" तिकडून "हाव" आलं की काम सुरू. हाव आलं नाही तर पोस्ट नाही. भावात नेहमी आकडा लिहायचा. दीड, अडीच, पावणेतीनशे हे तोंडातच राहू द्यायचं.

दारव्हा_डिजिटल

ताई, लिहिण्यासाठी एखादं ॲप वापरता का? रोजच्या पंधरा-वीस नोटा येतात, ऐकून लिहायचं म्हटलं तर रात्रच होईल.

मोर्शीची_ताई

करून पाह्यलं ना भाऊ. फोनवर नोट लावायची अन् लॅपटॉपवर गुगल डॉक्सचं मराठी व्हॉइस टायपिंग चालू करायचं. शहरातल्या माणसाची नोट बऱ्यापैकी उतरते. आपल्या बायांची नाही. आपल्याकडं ळ चा य होते, काळा म्हणजे काया, निळा म्हणजे निया. "ते निया पट्टी काढा" म्हटलं तर त्यानं लिहिलं "ते न्या पट्टी काढा". अन् "पावणेतीनशे"चं त्यानं "पाहुणे तीनशे" केलं, म्हणजे साडीच्या सेलले तीनशे पाहुणे 😂 तेव्हापासून मी दीडपट स्पीडवर ऐकते अन् हातानंच लिहिते. चार मिनिटाच्या नोटेत कामाच्या दोनच ओळी असतात, तुमाले बी माहीत आहे.

परतवाडा_फ्रेम

ताई, लिहून पाठवायचं पटलं, पण "हाव"वर माझा भरोसा नाही. हाव म्हणजे वाचलं असंच नाही, कधी कधी हाव म्हणजे आता डोकं नको खाऊ. खरा फीडबॅक आवाजातच असते. मंगल कार्यालयवाले भाऊ एखाद्या रीलवर "बरं... हाय" म्हनते, मधात दोन सेकंद थांबून, तेव्हा मी समजतो की आवडली नाही. टाइप केलेलं "बरं हाय" पाहून ते कळलं नसतं. म्हणून नोट बी ठेवा अन् लिहा बी.

अन् एक, त्यायच्या नोटा दुसऱ्या ग्रुपवर हसायले टाकू नका. एकानं टाकली, फिरत फिरत त्याच क्लायंटच्या जावयाकडं पोचली.

बियाणे_खते_औषधे

हावचं बरोबर बोलला भाऊ 😄 अन् अजून एक लिवून ठेवा, दुकानातून फीडबॅक देणारा माणूस एकच ठरवून घ्या. माह्याकडं मी मनतो हिरवा, पोरगं मनते पांढरा, अन् पोस्टवाला दोघायले हो हो करते.

मोर्शीची_ताई

त्या थांबण्याचं मान्य. तशी नोट आली की मी शेवटी लिहिते, "मन नाही वाटत, दुसरं करून पाठवू का?" बहुतेक वेळा मंग तिकडून फोनच येते.

दारव्हा_डिजिटल

अपडेट. चॅट तपासली, डिसअपिअरिंग २४ तासावरच होतं, काकांच्या नातवानं लावलं होतं म्हणे. बंद केलं. पोस्टवर आकडे टाकणं सुरू केलं, कोचिंगवाले सर पहिल्याच दिवशी म्हणाले, हा ३ कायचा, तिसरीची बॅच तर आपल्याकडं नाही.

काकांले नवीन सेलचं चार ओळीत लिहून पाठवलं, भाव आकड्यात, तारीख, पोस्ट नंबर, शेवटी "बरोबर का काका?" दहा मिनिटात उत्तर आलं. व्हॉइस नोट, १ मिनिट ५२ सेकंद. अजून ऐकली नाही, आधी फॉरवर्ड करून ठेवली.