नाकुरूला जाऊन आलात? अनुभव लिहा

केनियातलं नाकुरू सरोवर राष्ट्रीय उद्यान जेमतेम १८८ चौरस किलोमीटरचं. बहुतेक जण मसाई माराच्या वाटेवर तिथे एक मुक्काम करतात आणि विसरतात. दिवाळीत आईबाबांना घेऊन मी फक्त तिथेच जाणार आहे. तुम्ही काय पाहिलंत ते सविस्तर लिहा. रोहित पक्ष्यांच्या (फ्लेमिंगोंच्या) थव्यांनी गुलाबी दिसणाऱ्या फोटोतल्या त्या किनाऱ्याचं खरंखोटंही सांगा.

खाडीकाठ:
गुलाबी किनारा डोक्यातून काढून टाका. आमच्या सहल कंपनीने पत्रकावर छापलेला फोटो कुठल्या जमान्यातला होता देव जाणे. २०१० नंतर रिफ्ट खोऱ्यातल्या सरोवरांचं पाणी चढत गेलं. नाकुरूचं खारं पाणी पातळ झालं, की छोटे रोहित ज्यावर जगतात ते सूक्ष्म शेवाळ घटतं आणि थवे दुसरीकडे उठून जातात. आम्हाला लांबवर एक फिकट पट्टी दिसली, बस्स. याहून जवळून मी ऐरोलीच्या बोटीतून पाहिलेत!

तुतारी:
खाडीकाठ, रोहितांच्या नादात बाकीचं राहिलं की काय तुमचं? चढत्या पाण्याने जुनं मुख्य फाटक बुडवलं, रस्ते गिळले आणि पिवळ्या खोडाच्या बाभळी उभ्या जागी मारल्या. वाईट वाटतं खरं. पण त्याच वाळक्या झाडांवर आता पाणकावळ्यांची वस्ती आहे, फांद्या विष्ठेने चुना फासल्यासारख्या पांढऱ्या. शेंड्यावर मत्स्यगरुड. मान पार मागे टाकून ओरडतो.

आणि पेलिकन! अर्धगोल करून पोहत येतात आणि सगळे एकदम चोची बुडवतात. वर येताना झोळीतून पाणी गळत असतं. गंमत म्हणजे इथला तिलापिया मासा मूळचा इथला नाहीच. डासांच्या अळ्या खाईल म्हणून १९६० च्या सुमारास मगादी सरोवरातून आणून सोडला, त्यापाठोपाठ पेलिकन आले. त्यांची घरटी शेजारच्या एल्मेंटाइटा सरोवरात, जेवायला मात्र नाकुरू.

गोदाकाठची:
मला पक्ष्यांतलं ओ की ठो कळत नाही, आम्ही गेंड्यांसाठी गेलो. पांढरे गेंडे रस्त्याच्या कडेलाच चरत होते. ड्रायव्हरदादांनी इंजिन बंद केलं आणि गवत उपटल्याचा कराकरा आवाज यायला लागला. एकाच्या कानाच्या भोकात एक पक्षी चोच घालून काहीतरी टिपत होता, गेंड्याला त्याचं सुखदुःख नाही. काळा गेंडा झुडपांत शिरताना फक्त मागून दिसला, तेही नशीबच म्हणायचं. लेकाची मात्र हत्तीसाठी भुणभुण. हत्ती इथे नाहीतच, मुलांना आधीच सांगून ठेवा. उद्यानाला सगळीकडून विजेचं कुंपण आहे आणि पलीकडे लगेच नाकुरू शहर. काहींना ते खटकतं, मला नाही खटकलं. गेंडे टिकलेत ते त्या कुंपणामुळेच.

नैरोबीकर:
नैरोबीहून अंतर साधारण १६० किलोमीटर, पण ट्रकांची रांग लागली तर अर्धा दिवस गेला समजा. दिवाळी म्हणजे छोट्या पावसाचा हंगाम, कच्च्या रस्त्यांवर चिखल असतो, फोर-व्हीलच घ्या. पण त्याच सुमारास युरोपातले पाहुणे पक्षीही उतरलेले असतात. सरोवर साडेसतराशे मीटरवर आहे, आईबाबांना सकाळी स्वेटर लागेलच. एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटल्यांना जून २०२० पासून उद्यानात बंदी आहे, स्टीलच्या न्या. प्रवेश शुल्क आधी ऑनलाइन भरा. बबून क्लिफ या कड्यावरून अख्खं सरोवर दिसतं, पण डबा तिथे उघडू नका. माकडं हातातला ठेपला नेतात आणि समोर बसून खातात.

खाडीकाठ:
आणि रोहित पाहायचेच असतील तर?

तुतारी:
बोगोरिया सरोवर. नाकुरूहून उत्तरेला, साधारण दोन तास. थवे नेहमी असतीलच असं नाही, निघण्यापूर्वी तिथल्या गाइडला फोन करा. काठावर उकळत्या पाण्याचे झरे आहेत, तिथे आईबाबांचा हात धरूनच चाला.